आरशात आरसा आणि मध्ये गंधार: एका छोट्या रचनेवर वाचकांचे प्रश्न

आर्व्हो पॅर्ट हे एस्टोनियाचे संगीतकार. 1978 साली, देश सोडण्याच्या दोन वर्षं आधी, त्यांनी व्हायोलिन आणि पियानोसाठी सुमारे दहा मिनिटांची एक रचना लिहिली. तिचं नाव ‘श्पीगल इम श्पीगल’, म्हणजे ‘आरशात आरसा’. व्हायोलिनवादक व्लादिमीर स्पिवाकोव यांना ती अर्पण केलेली आहे आणि त्यांनीच त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोत ती पहिल्यांदा वाजवली. या रचनेबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझी मुलगी पाच वर्षं व्हायोलिन शिकते. सरांनी तिला ही रचना दिली आहे. तिच्या वाट्याला नुसते लांब लांब सूर आहेत. तिच्या बरोबरीची मुलं भरभर बोटं चालवतात आणि ही एकेक सूर धरून उभी असते. सोपं म्हणून दिलं असेल का? — एक पालक, डिचोली

उत्तर: सोपं म्हणून नक्कीच दिलेलं नाही. सरांनी तुमच्या मुलीवर विश्वास टाकला आहे असं समजा.

आधी रचना काय आहे ते पाहू. ती एफ मेजरमध्ये आहे. हार्मोनियमच्या भाषेत बोलायचं तर पांढरी चार हा सा. व्हायोलिनची प्रत्येक ओळ ए या सुरावर, म्हणजे पांढरी सहावर, म्हणजे आपल्या गंधारावर येऊन थांबते. पहिली ओळ दोनच सुरांची: रे ग. तिचं आरशातलं प्रतिबिंब म्हणजे दुसरी ओळ: म ग. मग सा रे ग आणि प म ग. मग मंद्र नी सा रे ग आणि ध प म ग. दर जोडीला एक सूर वाढतो. एक ओळ खालून गंधाराकडे चढते, दुसरी वरून गंधाराकडे उतरते. आपल्याकडे पलटे घोटलेल्या कुणालाही हा हिशेब क्षणात कळतो. पहिल्या चार ओळी मुलीला सरगममध्ये म्हणायला सांगा, रचना अर्धी पाठ होईल.

अडचण पुढे आहे. जलद गतीत एखादा सूर किंचित ढळला तर तो पुढच्या सुरांत वाहून जातो. इथे प्रत्येक सूर निदान सहा मात्रा टिकतो. मेट्रोनोम 80 वर, म्हणजे मिनिटाला 80 ठोक्यांवर, ठेवला तर हे साडेचार सेकंद होतात. साडेचार सेकंद ऐकणारा त्याच एका सुराकडे कान लावून बसलेला असतो. गज थरथरला, बोट केसभर खाली पडलं, श्वास चुकला, सगळं ऐकू येतं. त्यात ओळी एकमेकींसारख्या असल्यानं हरवणंही सोपं. त्यावर उपाय म्हणजे नोटेशनवर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं सुरांचा आकडा लिहावा: 2, 2, 3, 3, 4, 4. खालून येणाऱ्या ओळीला वर जाणारा बाण, वरून येणारीला खाली येणारा. मग नजर आकड्यावर राहते आणि कान पियानोकडे.

प्रश्न: मी भजनाला हार्मोनियमची साथ करतो. ही रचना ऐकली आणि फार भावली. हा बिलावल म्हणायचा का? आमच्याकडे पियानो नाही, पियानोचा भाग हार्मोनियमवर वाजवला तर चालेल का? — साखळी

उत्तर: स्वर बिलावल थाटाचे आहेत, पण राग नाही. इथे वादी-संवादी नाही, पकड नाही, आणि विस्तार कलाकाराच्या मनावर सोडलेला नाही. किती सूर, कुठल्या दिशेनं, कुठे थांबायचं, हे सगळं नियमानं आधीच ठरलेलं आहे. पॅर्ट यांनी 1976 मध्ये ही पद्धत सुरू केली. लॅटिनमध्ये लहान घंटेला जो शब्द आहे त्यावरून तिला ‘टिंटिनाबुली’ म्हणतात. एक आवाज सप्तकातून पायरी-पायरीनं चालतो आणि दुसरा मूळ त्रिस्वराच्या, इथे सा ग प यांच्या, सुरांना धरून त्याच्याभोवती घंटेसारखा वाजत राहतो.

हार्मोनियमवर मात्र नको, आणि कारण या घंटेतच आहे. देवळातली घंटा वाजली की पहिला टोला मोठा आणि मग नाद विरत जातो. पियानोचा सूरही तसाच, दाबल्या क्षणापासून मरायला लागतो. व्हायोलिनचा सूर गजाखाली जिवंत राहतो. एक विरतो आणि एक टिकतो, या दोघांच्या मधल्या जागेत ही रचना उभी आहे. हार्मोनियमचा सूर भाता चालेपर्यंत तसाच राहतो, मग ती जागाच भरून जाते. मुलांच्या रियाजाला साथ म्हणून जरूर वाजवा, मंचावर नको. व्हायोलिनच्या जागी चेलो किंवा व्हायोला घेता येतो, त्यांच्या प्रती छापलेल्या मिळतात.

प्रश्न: मी हिंदुस्थानी आणि वेस्टर्न दोन्ही शिकते. घरी एफचा तानपुरा लावून ही रचना वाजवते तेव्हा सूर छान लागतात. पियानोबरोबर बसलं की मॅडम म्हणतात, तुझा ए उतरलेला आहे. कान बिघडलाय का? — विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: उलट तुमचा कान फार चांगला आहे, म्हणूनच हे होतं.

तानपुऱ्यावर जुळणारा शुद्ध गंधार आणि पियानोचा गंधार हे दोन वेगळे सूर आहेत. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले तर पियानोचा ग हा सा पासून 400 सेंटवर असतो आणि नैसर्गिक गंधार 386 वर. म्हणजे पियानोचा ग 14 सेंट चढा. धैवत सुमारे 16 सेंट चढा आणि निषाद 12. रे, म आणि प यांत फरक चार सेंटच्या आतच आहे, तो कानाला खुपत नाही. म्हणजे तुमचे तीनच सूर भांडतात, पण त्यांतला एक नेमका असा की प्रत्येक ओळ त्याच्यावर येऊन थांबते.

हे भांडण मोजताही येतं. पियानोचा ए 440 वर, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांवर, असेल आणि तुम्ही तानपुऱ्याचा गंधार लावला तर दोन्ही सुरांत सेकंदाला साडेतीन हेलकावे ऐकू येतात, वाँ-वाँ-वाँ असे. पियानोवर ए दाबून धरा, तोच सूर व्हायोलिनवर हळू लावा आणि हेलकावे मंदावत बंद होईपर्यंत बोट अगदी जरासं वर सरकवा. बोटाला ती जागा कळली की काम झालं. रोज तानपुऱ्यावर रियाज करून झाल्यावर ही पाच मिनिटं द्यावीत. घरी पियानो नसेल तर हार्मोनियमची पांढरी सहा चालेल, फक्त तो हार्मोनियम 440 ला मिळवलेला आहे ना हे आधी पाहा.

वाजवायला बसल्यावर व्हायोलिनची ए तार समोरच्या पियानोच्या ए ला लावा, फोनवरच्या ट्यूनरला नाही.

बोटांबद्दल एक सुचवतो. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे डावा हात मानेच्या टोकाशी ठेवून, वाजवलंत तर रे ग ही ओळ डी तारेवर तिसऱ्या-चौथ्या बोटानं येते, आणि म ग ही ओळ ए तारेवर पहिल्या बोटावरून उघड्या तारेवर. मग एकाच गंधाराचे दोन रंग होतात, एक झाकलेला आणि एक उघडा लख्ख. त्याऐवजी डी तारेवर तिसरी पोझिशन घ्या. पहिलं बोट रे, दुसरं ग, तिसरं म, चौथं प. आता रे ग, म ग, प म ग या तिन्ही ओळी एकाच तारेवर येतात आणि गंधार नेहमी दुसऱ्या बोटाखाली. यात आणखी एक देणगी आहे. बोटाखालचा ए बरोबर लागला की शेजारची उघडी ए तार न छेडता आपोआप झंकारते, आणि गज उचलल्यावरही क्षणभर गुणगुणते. ती गप्प राहिली तर सूर हुकला समजा. याहून चांगला परीक्षक मिळणार नाही. सा रे ग या ओळीसाठी दुसऱ्या पोझिशनची पहिली तीन बोटं सोयीची पडतात. पुढच्या लांब ओळींना तारा बदलाव्याच लागतात, पण शेवटचे दोन-तीन सूर एका तारेवर येतील अशी आखणी करावी.

व्हायब्रेटो जवळजवळ नकोच. बोट हललं की हेलकावे लपतात आणि चूकही लपते.

प्रश्न: चौथ्या-पाचव्या मात्रेलाच गज संपतो. मग मी घाईनं दाबतो आणि सूर किरकिरतो. — मडगाव

उत्तर: मोठ्या व्हायोलिनच्या गजाचे केस साधारण 65 सेंटिमीटर असतात. सहा मात्रांना वाटले तर मात्रेला जेमतेम 11 सेंटिमीटर. सुराची सुरुवात नीट ऐकू यावी म्हणून बहुतेक जण पहिल्या दोन मात्रांतच निम्मा गज उधळतात. गजाच्या काठीला शेजारी पट्टी धरून बारीक कागदी चिकटपट्टीनं मधोमध एक खूण करा. तिसरी मात्रा संपताना केस नेमके तिथे असायला हवेत. आठवडाभर उघड्या डी तारेवर एवढंच करा, 80 च्या लयीला सहा मात्रा. जमलं की आठ, मग बारा. बाराला जमलं की सहा मात्रांत हात मोकळा वाटतो.

किरकिर येते ती दाबामुळे. गज हळू चालत असताना वजन वाढवलं की तार मोकळी हलूच शकत नाही. गज संपत आला तर दाबू नका. घोडीच्या दिशेनं दोन-तीन मिलिमीटर सरका, तिथे कमी गजात सूर टिकतो. आणि हे लक्षात ठेवा की गज मुठीपाशी जड आणि टोकाला हलका असतो. खाली ओढताना सूर आपसूक बारीक होतो, म्हणून टोकाकडे जाताना तर्जनीचं वजन अगदी सावकाश वाढवायचं. वर चढवताना उलट. गज पालटायच्या आधी हाताला जो एक झटका येतो तोच सर्वांत जास्त ऐकू येतो. पालटण्यापूर्वीच्या मात्रेत वेग मुद्दाम कमी ठेवा. ओळीच्या शेवटचा गंधार एका गजात पुरत नसेल तर बारच्या, म्हणजे सहा मात्रांच्या खणाच्या, पहिल्या मात्रेवर, पियानोच्या सुराच्या आडोशानं पालटा.

प्रश्न: मी पियानोच्या बाजूला आहे. तेच तेच तीन सूर दहा मिनिटं वाजवायचे. पेडल कुठे बदलायचं? माझ्याकडे डिजिटल पियानो आहे. — पर्वरी

उत्तर: ही साथ नुसती भरणी नाही. पॅर्ट स्वतः पियानोच्या या भागाला व्हायोलिनचा राखणदार देवदूत म्हणतात. गोव्यात राखणदार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दिसत नाही, पण वाट चुकू देत नाही.

उजव्या हातात तीन-तीन चढते सूर, बारमध्ये दोनदा. नेहमीची चूक म्हणजे दर तिनातल्या पहिल्या सुराला अंगठ्याचा ठोका बसतो आणि सगळं वॉल्ट्झसारखं डोलायला लागतं. पेडल पूर्ण सोडून, अगदी हळू आवाजात, सूर तोडून तोडून वाजवा. मग एक दिवस मुद्दाम दुसऱ्या सुरावर वजन द्या, एक दिवस तिसऱ्यावर. तीन दिवसांनी सगळे सूर सारखे व्हायला लागतात. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, कारण वाजवताना स्वतःला हा ठोका कळत नाही. डावा हात व्हायोलिनच्या ओळीबरोबर चालतो आणि अधूनमधून खालचा खर्ज किंवा वरची बारीक घंटा देतो. या उड्यांसाठी हात आधीच जाऊन किल्लीवर टेकलेला असावा, वेळेवर पोचलेला हात नेहमी जोरात पडतो.

पेडल दाबलं की किल्ली सोडल्यावरही सूर टिकतो. ते बारबरोबर बदलायचं, म्हणजे सोडून पुन्हा दाबायचं, पण बारच्या पहिल्या सुराबरोबर नाही, तो वाजल्यावर लगेच. आधी उचललं तर मध्ये भोक पडतं. फार उशीर केला तर डाव्या हातानं सोडलेला खर्ज पेडलमध्ये सापडत नाही आणि पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं.

तुमचं पेडल फक्त चालू-बंद जातीचं असेल तर अर्धं पेडल मिळणार नाही. अर्ध्यावर काम करणारं पेडल तुमच्या मॉडेलला चालतं का ते पाहून तेच घ्या, या रचनेला ते लागतंच. आतला कृत्रिम घुमारा बंद करा. काही डिजिटल पियानोंत नैसर्गिक स्वरांची ट्यूनिंगही निवडता येते. फोंड्याच्या विद्यार्थिनीचं पत्र वाचून तो मोह होईल, पण नको. मंचावरच्या खऱ्या पियानोवर ती सोय नसते आणि मग तिची बोटं पुन्हा नव्यानं शिकवावी लागतात.

प्रश्न: आमच्या जुन्या घरात आजोबांचा उभा पियानो आहे. डिसेंबरात नाताळाच्या आसपास घरीच छोटी मैफल करून ही रचना वाजवायची आहे. पियानो उतरलेला आहे आणि पावसात काही किल्ल्या दाबल्या की वर येत नाहीत. कधी ट्यून करावा? — सासष्टी

उत्तर: पावसाळ्यात अजिबात करू नका. पियानोच्या पाठीमागची लाकडी फळी, म्हणजे साउंडबोर्ड, हवेतला ओलावा पिऊन फुगते आणि पुढे येते. तिच्यावरून गेलेल्या तारा त्यामुळे ताणल्या जातात आणि सूर चढतो. सगळीकडे सारखा नाही, मधल्या सप्तकांत जास्त. आणि ही रचना मुख्यतः तिथेच राहते. जुलैत मिळवलेला पियानो कोरडी हवा लागली की पुन्हा उतरतो. चवथ होऊ द्या, दसरा होऊ द्या, हवा कोरडी झाली की नोव्हेंबरात एकदा आणि मैफलीच्या तीन-चार दिवस आधी पुन्हा एकदा मिळवून घ्या.

पियानो किती उतरलाय ते आधी मोजा. ए 440 ऐवजी 427 च्या आसपास असेल तर तो पाव सूर खाली आहे. उभ्या पियानोत साधारण 220 ते 230 तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण काही टनांचा. एका बैठकीत सगळा चढवायचा आग्रह धरू नका, गंजलेल्या तारा पटापट तुटतात. आधी ओबडधोबड चढवणं, दोन-तीन आठवडे बसू देणं, मग बारीक मिळवणं, असं टप्प्यानं करावं. तारा फारच जुन्या असतील तर आमचं स्पष्ट मत असं की पियानो आहे तिथेच, स्वतःशी सुरात मिळवून घ्यावा आणि व्हायोलिन त्याच्याबरोबर खाली उतरवावं. दोघांचं जमलं की 440 नाही म्हणून रचनेचं काही अडत नाही.

अडकणाऱ्या किल्ल्यांचं कारणही ओलावाच. किल्ली ज्या पिनेवर डोलते तिथल्या भोकात लोकरीचा फेल्ट असतो, तो फुगतो. तेल किंवा फवारा मारायचा विचारही करू नका. तेल फेल्टमध्ये मुरतं आणि पुढच्या पावसात तिप्पट फुगवतं. हे काम पियानोवाल्यानं फेल्ट किंचित दाबून मोकळा करून करायचं असतं. तुम्ही एवढं करा: पियानो बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून हलवा, मागे हातभर जागा सोडा, खोलीत आर्द्रता मोजायचं साधं घड्याळ ठेवा आणि बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून काटा 50 ते 60 टक्क्यांच्या मध्ये ठेवा. पियानोच्या डोक्यावर फुलदाणी नको.

प्रश्न: व्हायोलिनच्या खुंट्या पावसात हलत नाहीत आणि एसी हॉलमध्ये आपोआप सुटतात. — म्हापसा

उत्तर: लाकूड फुगतं आणि आटतं, दोन्ही त्याचेच परिणाम. खुंटी काढून कापडानं पुसा, पेग पेस्ट जिथे घासल्याची चकाकी दिसते तिथेच लावा. चारी खुंट्या एकदम काढू नका, ताण गेला की घोडी आणि आतली लाकडी काडी (साउंडपोस्ट) दोन्ही पडतात. हॉलमध्ये अर्धा तास आधी पोचा, व्हायोलिनची पेटी उघडी ठेवा आणि शेवटी मिळवा. दमट हवेत गजाचे केस लांबतात, म्हणून नेहमीच्या आट्यांवर भरवसा न ठेवता काठीचा बाक बघून कसा, आणि वाजवून झालं की सैल करा. कडेचा जोड सुटला असेल तर सुताराचा पांढरा गोंद लावू नका. मूळ सरस कोमट पाण्यानं सुटतो, म्हणून वाद्य पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त करता येतं. पांढऱ्या गोंदानं ती वाटच बंद होते.

प्रश्न: चॅपलमध्ये वाजवावं की सभागृहात? — पणजी

उत्तर: चॅपल मिळत असेल तर चॅपल. जुन्या गोव्यातल्या डोंगरावरच्या नोसा सिन्योरा दो मोंत चॅपलमध्ये मैफली होतात. तशा जाड भिंतींच्या, उंच छताच्या जागेत सूर स्वतःहून लांबतो. मग पेडल निम्म्यानं कमी करा आणि बारचा पहिला सूर आधीच्या बारच्या घुमाऱ्यात बुडत असेल तर लय किंचित खाली आणा. सभागृहात पडदे आणि खुर्च्या सूर खातात, तिथे पेडल भरपूर आणि पियानोचं झाकण थोडं उघडं. शंभराच्या आत श्रोते असतील तर माइक नकोच. आणि दोन्हीकडे पंखे बंद करायला आधीच सांगून ठेवा, पाती फिरण्याचा आवाज या रचनेत पहिल्या बारपासून ऐकू येतो.

प्रश्न: नोटेशनची झेरॉक्स वापरली तर चालेल का? आणि इतक्याच लहान दुसऱ्या आधुनिक रचना कुठल्या? — पेडणे

उत्तर: झेरॉक्स नको. पॅर्ट हयात आहेत, रचनेचा हक्क शाबूत आहे. व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनची छापील किंवा अधिकृत डिजिटल प्रत विकत घ्या. आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो. त्या हिशेबानं ऑस्ट्रियाचे संगीतकार आंतोन वेबर्न आणि हंगेरीचे बेला बार्टोक, दोघेही 1945 मध्ये वारले, आता मोकळे आहेत. पण बार्टोकच्या रुमानियन लोकनृत्यांची व्हायोलिन-पियानोसाठीची प्रसिद्ध प्रत व्हायोलिनवादक झोल्तान सेकेई यांनी 1925 मध्ये केली आणि ते 2001 मध्ये वारले, म्हणजे ती प्रत अजून मोकळी नाही. सहा छोटी नृत्यं आहेत, मुलांना फार आवडतात. तिसऱ्यात व्हायोलिनला बासरीसारखे हार्मोनिक्स आहेत, तिथे बोट तारेला नुसतं टेकवायचं असतं. दाबलं की शीळ जाऊन साधा सूर येतो.

वेबर्नच्या 1914 सालच्या चेलो आणि पियानोच्या तीन छोट्या रचना आणखी आखूड आहेत: पहिली 9 बारची, दुसरी 13, तिसरी 10. सगळ्या मिळून दोन-अडीच मिनिटं. एकेका सुराला वेगळी खूण आहे, कुठे तार बोटानं छेडायची, कुठे घोडीजवळ गज, कुठे घोडीवर म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) चढवायचा. एका पानासाठी महिनाभराचा रियाज धरून चाला, आणि चेलोवाल्याला पहिल्या दिवसापासून पियानोचाही भाग समोर ठेवून बसवा. त्याच्या एकट्याच्या ओळीत पुढचा सूर कधी येतो ते कळतच नाही.